ठसक्यातला भाव



औद्योगिक वसाहतीतल्या व्याख्यानमालेत गाण्याच्या समीक्षेवर काय बोलायचं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण हा प्रश्न मांडायला कोल्हापूरजवळच्या शिरोलीइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. इथल्या फाउंड्रीत आणि मशिनशॉपमध्ये रोज निकाल दिले जातात. कास्टिंग पास की रिजेक्ट, आणि रिजेक्ट असेल तर नेमकं कशामुळे, हे लिहून द्यावं लागतं. ‘मनाला पटलं नाही’ असा शेरा मारून माल परत करता येत नाही. कोणत्या दोषाला कोणती तपासणी, हेही ठरलेलं असतं. हार्डनेस टेस्टर कठीणपणा सांगतो; आत ब्लोहोल आहे का हे तो सांगत नाही, त्यासाठी अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रे तपासणी करावी लागते. एका गुणाचं मापक दुसऱ्या गुणाला लावून निकाल देणारा तपासनीस इथे चार दिवस टिकणार नाही. लोकप्रिय गायक-गायिकांच्या बाबतीत मात्र आपली समीक्षा वर्षानुवर्षं असाच एक निकाल देत आली आहे. आवाज चांगला आहे, लयीची जाण आहे, पण भावाची खोली नाही. ही खोली कशानं मोजली, कोणत्या शब्दावर आणि कोणत्या सुरावर ती कमी पडली, याचा खुलासा बहुतेक वेळा नसतो आणि वाचकही तो मागत नाही.

माझं म्हणणं असं की या निकालामागेही एक मापक आहे, फक्त ते उघड सांगितलं जात नाही. ते दुःखासाठी, संथ लयीसाठी आणि दबलेल्या आवाजासाठी तयार झालं आहे. चाल ठाय लयीतली असेल, शब्द कवितेच्या जवळचे असतील, आवाज खालच्या पट्टीत आला असेल, तर गाणाऱ्याच्या भावनेला ‘खोली’ लाभते. तोच गळा जलद लयीत, ढोलकीवर, रांगड्या शब्दांत गाऊ लागला की त्याच्या वाट्याला ‘ठसका’, ‘नखरा’, ‘जोश’ हे शब्द येतात. ते कौतुकाचेच आहेत, पण खालच्या पायरीवरच्या कौतुकाचे. गाण्यातली भावना कोणती, हा एक प्रश्न. ती किती खोलवर जाऊन गायली, हा वेगळा प्रश्न. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढण्याची सवय समीक्षेला लागली, आणि त्यातून झालेला अन्याय सगळ्यांवर सारखा झाला नाही. भावगीत आणि गझल गाणारे त्यातून सुटले. लावणी गाणाऱ्या, जत्रेत आणि मांडवात वाजणारी गाणी गाणाऱ्या कलावंतांना तो सोसावा लागला.

ही सवय सिनेमानं लावलेली नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. नाटक खाडिलकरांचं, चाली आपल्या गोविंदराव टेंब्यांच्या, धैर्यधर आपले केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. पुढे तीन महिन्यांतच केशवराव गेले आणि तो प्रयोग दंतकथा झाला. त्या दोघांची तुलना तेव्हापासून होत आली आहे, आणि तिची वाटणी ठरून गेली आहे. केशवरावांकडे पल्लेदार, तडफदार आवाज. बालगंधर्वांकडे लडिवाळपणा, आर्तता आणि भाव. बालगंधर्वांची थोरवी वादातीत आहे. पण धैर्यधर हा मानी शिपाईगडी आहे, त्याचा अपमान झालेला आहे, आणि दुखावलेला स्वाभिमान उंच सुरात, भरदार आवाजातच बोलणार. तडफ ही तिथे नुसती आवाजाची ताकद नाही, ती त्या पात्राची भावना आहे. आर्ततेला भाव म्हणायचं आणि तडफेला आवाजाचा गुण म्हणायचं, ही वाटणी तेव्हाच रुळली होती. मर्दानी स्वाभिमानाची ही गत, तर ढोलकीच्या फडातल्या बाईच्या स्वाभिमानाची काय होणार?

शास्त्रीय संगीताच्या समीक्षेतही भावाचा प्रश्न सरळ नव्हता. अल्लादियाखाँसाहेबांनी कोल्हापूर दरबारी राहून जी गायकी रुजवली, तिला बुद्धीची, अवघड पेचांची गायकी म्हटलं गेलं. आणि त्याच परंपरेतल्या किशोरी आमोणकरांनी भाव अग्रभागी आणला तेव्हा घराण्याची शिस्त सुटल्याची तक्रार झाली. पण तिथला वाद तपशिलावर चालला. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या तोलावरून घराण्यांची मांडणी केली. ती मान्य असो वा नसो, ती तपासता येते. राग कोणता, स्वर कसा लावला, आवर्तन कसं भरलं, यावर बोट ठेवून भांडता येतं. लोकप्रिय गाण्याकडे वळल्यावर हीच काटेकोर मंडळी विशेषणांवर भागवू लागतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सगळ्यांनीच असं केलं नाही. कुमार गंधर्वांचा लता मंगेशकरांवरचा लेख पुष्कळ जणांनी वाचला असेल. त्याचा हिंदी अनुवाद शालेय पाठ्यपुस्तकातही आहे. लोकप्रिय गायिकेला न्याय कसा द्यावा, याचा नमुना म्हणून मी त्या लेखाकडे पाहतो. तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत अख्ख्या मैफलीचा रस उतरू शकतो, हे कुमारजींनी मोकळेपणानं मान्य केलं आणि शास्त्रीय गायकांच्या आत्मसंतुष्टपणावर बोट ठेवलं. लताच्या स्वराचा निर्मळपणा, दोन शब्दांमधली जागा सुरानं भरून टाकण्याची तिची पद्धत, हे त्यांनी नेमकं दाखवलं. आणि मग त्यांनी प्रचलित समजाच्या उलट मत दिलं. लताच्या गाण्यात करुण रस विशेष उतरतो असं सगळे म्हणत असताना त्यांना ते पटलं नाही. करुणाला तिनं तितका न्याय दिला नाही. मध्य आणि द्रुत लयीतली मुग्ध शृंगाराची गाणी तिनं जास्त उत्कटतेनं गायली, असं ते म्हणाले. ती बहुतेक वरच्या पट्टीतच गाते हा दोष त्यांनी दाखवला, पण त्यात तिचा वाटा किती आणि संगीत दिग्दर्शकांचा किती हे सांगणं कठीण, अशी पुस्तीही जोडली.

करुणाबद्दलचा त्यांचा निकाल मला पूर्ण पटत नाही. मदनमोहन यांनी लताकडून गाऊन घेतलेल्या गझला ऐकल्या तर तो फार सरसकट वाटतो. पण निकालापेक्षा त्याची रीत मोलाची आहे. कुमारजींनी उत्कटता द्रुत लयीतही शोधली आणि त्यांना ती सापडली. दुःखाचं गाणं म्हणजे खोल गाणं, हे समीकरण त्यांनी एका परिच्छेदात मोडून काढलं. तरीही लोकांच्या मनात लताच्या थोरवीचा पुरावा म्हणून राहिलं ते २७ जानेवारी १९६३ चं दिल्लीतलं गाणं, कारण त्या वेळी पंतप्रधानांच्या डोळ्यांत पाणी आलं. अश्रू हे खोलीचं प्रमाणपत्र ठरलं. मुग्ध शृंगाराच्या गाण्यानं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणून त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही.

याच गायिकेचं एक गाणं आपल्या जयप्रभा स्टुडिओच्या परंपरेतलं आहे आणि भट्टीजवळ काम करणाऱ्यांना तरी त्याची ओळख करून द्यायला नको. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ १९६५ चा. गोष्ट एका लोहार जोडप्याची. संगीत ‘आनंदघन’ या नावानं स्वतः लता मंगेशकरांचं, ज्याला राज्य पुरस्कार मिळाला. त्यातलं जगदीश खेबूडकरांनी लिहिलेलं, ऐरणीच्या देवाला आळवणारं गाणं घ्या. हे शोकगीत नाही. त्यातली बाई रडत नाही, नशिबाला दोष देत नाही. गरिबी आहे ती अंगावर दागिन्यासारखी मिरवू, अब्रूनं जगू दे, घाव सोसायचं आणि झुंजायचं बळ दे, एवढंच तिचं मागणं आहे. लय कामाची आहे, भात्यासारखी वरखाली होणारी. आणि गाताना लतानं काय केलं? सगळ्या हरकती-मुरक्या ज्या गळ्यातून सहज निघत, त्या गळ्यानं इथे त्या जवळजवळ बाजूला ठेवल्या. गावरान उच्चार आहेत तसे ठेवले, त्यांना शहरी गोडवा लावला नाही. मागणं आहे, पण लाचारी नाही, हा फरक शब्दांत जितका आहे त्याहून जास्त त्या सरळ लावलेल्या सुरात आहे. सूर जरा थरथरला असता तर ती भीक झाली असती. हे न थरथरणं ही गायिकेची निवड आहे, आणि चाल तिचीच असल्यामुळे ती निवड दोनदा केलेली आहे. या गाण्याचं कौतुक ‘लोकसंगीताच्या ढंगाचं गोड गाणं’ म्हणून करणं म्हणजे त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट ऐकायची राहून जाणं.

धाकट्या बहिणीच्या बाबतीत मापकाचं काम आणखी स्पष्ट दिसतं. आशा भोसलेंना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले ते ‘शिकार’, ‘कारवाँ’, ‘हरे रामा हरे कृष्णा’, ‘डॉन’ अशा चित्रपटांतल्या जलद, नाचत्या गाण्यांसाठीही. राष्ट्रीय पुरस्कार मात्र दोन, ‘उमराव जान’ (१९८१) आणि ‘इजाजत’ (१९८७), दोन्ही संथ, दोन्ही कवितेच्या अंगानं जाणाऱ्या रचनांना. ‘उमराव जान’साठी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं, हे प्रसिद्ध आहे. पट्टी खाली आली, लय उतरली, आणि जाणकारांनी एकमुखानं सांगितलं की या गायिकेत खोली आहे. पुरस्काराचे परीक्षक म्हणजे समीक्षक नव्हेत, आणि फिल्मफेअरनंही ‘प्राण जाए पर वचन न जाए’मधल्या उदास गाण्याला पुरस्कार दिला होता, त्यामुळे ही काळी-पांढरी विभागणी नाही. पण त्या काळातलं लिखाण आठवा. आशाताईंनी गझलांनी स्वतःला ‘सिद्ध’ केलं, असा त्याचा सूर होता. मग त्याआधी काय असिद्ध होतं? ‘कारवाँ’मधल्या त्या पुरस्कार मिळालेल्या गाण्यात श्वास हा सुराइतकाच मोलाचा आहे. वाट पाहणाऱ्या बाईची घालमेल, अधीरपणा, वर चढवलेला आनंद, हे सगळं श्वास आणि शब्द यांच्यातल्या अंतरात आहे. तो श्वास कुठे घ्यायचा आणि किती ऐकू येऊ द्यायचा, हे ठरवायला गझलेत मींड घेण्याइतकीच समज लागते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मधली त्यांची लावणी तर मराठी माणसाला पाठ आहे. तिच्यातल्या लटक्या तक्रारीखालची खरी ओढ किती जणांनी ‘खोली’ म्हणून नोंदवली?

लावणीचं नाव निघालं की सुलोचना चव्हाणांपाशी थांबलंच पाहिजे, आणि मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’मध्ये वसंत पवारांच्या संगीतात, खेबूडकरांच्या शब्दांत त्यांनी कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची लावणी गायली. त्यातला प्रसंग काय आहे? बाईला पुरुष नाव-गाव विचारतो आहे. अशा विचारण्यामागे काय असतं हे फडातल्या बाईला नेमकं कळतं. ती नाव सांगत नाही. गाव सांगते, आणि गावाच्या नावातूनच बजावते की जपून. हे गमतीनं म्हणायचं आहे, कारण समोर गिऱ्हाईक आहे आणि खेळ चालू आहे. पण गंमत एवढीही नको की त्याला ती परवानगी वाटेल. आमंत्रण आणि इशारा एकाच वाक्यात, एकाच श्वासात द्यायचा आहे. सुलोचनाबाई तो कसा देतात हे लक्ष देऊन ऐका. शब्दाच्या शेवटी आवाज लांबवायचा मोह होतो, तिथे त्या तो झटक्यानं तोडतात. शब्द पुढे येतो आणि लगेच हात मागे घेतल्यासारखा परततो. मधल्या संबोधनावर जो दाब पडतो त्यात अदब आहे आणि जरबही आहे. हाच तो प्रसिद्ध ठसका. तो अंगभूत नव्हता. गिरगावातल्या फणसवाडीत वाढलेल्या, आधी हिंदी चित्रपटांत गाणाऱ्या या गायिकेला लावणीचा शब्द कसा फेकायचा हे पती श्यामराव चव्हाणांनी शिकवलं, असं त्या सांगत. म्हणजे तो कमावलेला, विचारपूर्वक आणलेला उच्चार होता.

आणखी एक गोष्ट. व्यासपीठावर सुलोचनाबाई अंगभर पदर घेऊन, अदाकारी न करता गात. बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतीला डोळे, भुवया, हात यांची साथ होती. सुलोचनाबाईंनी ती घेतली नाही. म्हणजे श्रोत्यांना जे काही पोचलं ते निव्वळ गळ्यातून पोचलं. गायनातल्या भावाचा याहून स्वच्छ पुरावा समीक्षकाला कुठे मिळणार? आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि तो किताब कायमचा चिकटला. पण किताबानं समीक्षेचं काम सोपं करून टाकलं. सम्राज्ञी म्हटल्यावर पुढे काही लिहायची गरज उरली नाही. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, त्यांच्या वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. तेव्हाच्या मृत्युलेखांतही ‘ठसकेबाज’ हेच विशेषण सगळीकडे होतं. ठसक्याच्या त्या एका शब्दाखाली एका बाईची सावधगिरी, तिचा मान, तिची भीती आणि तिची विनोदबुद्धी असा चार भावनांचा गोफ आहे. हा भाव वरवरचा असेल तर खोल कशाला म्हणायचं?

असं का झालं असेल? एक कारण ऐकण्याच्या जागेत आहे. आपल्या समीक्षकाचा कान मैफलीत तयार झाला. कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या जागेत, गादीवर, शांतपणे, एका सुराकडे दोन मिनिटं लक्ष देत. त्या कानाला सूक्ष्मता हळूहळू उलगडत जाते तेव्हाच ती कळते. फडातल्या श्रोत्याचा कान वेगळा असतो. तिथे शब्द एकदाच फेकला जातो आणि झेलावा लागतो. या दोन ऐकण्यांत वरचं-खालचं काही नाही, पण लिहिणारा एकाच ठिकाणी बसत होता. दुसरं कारण अधिक नाजूक आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फडातली माणसं कोणत्या जातींतून, कोणत्या वस्त्यांतून आली, आणि त्यांच्या गाण्यातल्या शृंगाराकडे पांढरपेशा समाज कोणत्या नजरेनं पाहत होता, हे सर्वांना ठाऊक आहे. भद्र माणसाची भावना आतली आणि संयमी, ढोलकीवाल्याची भावना बाहेरची आणि उथळ, हा सामाजिक समज संगीताच्या निकालात मिसळला.

हा प्रकार आपल्यापुरता नाही. कार्ल विल्सन या कॅनडाच्या समीक्षकानं २००७ मध्ये सेलीन डिऑन या गायिकेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तिच्या गाण्याचा त्याला तिटकारा होता. ते भडक, रडवं, खोटं वाटे. त्यानं त्या तिटकाऱ्याचंच परीक्षण केलं. ज्यांना ती आवडते त्यांना भेटला, आणि अभिरुचीत वर्गाचा वाटा किती असतो हे दाखवणाऱ्या बुर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेऊन त्यानं मान्य केलं की आपल्या निकालात आपल्या वर्गाचा हात आहे. तिथे आक्षेप होता उघड्या भावुकतेवर, आपल्याकडे आहे उघड्या आनंदावर आणि शृंगारावर. बाकी यंत्रणा तीच. तरी मी विल्सनच्या एक पाऊल अलीकडे थांबतो. निकालात वर्ग आहे म्हणून निकालच देऊ नये, असं मी म्हणणार नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला असा की भावना ही ज्याची त्याची. तिचा न्याय-अन्याय कसला? ऐकणाऱ्याला काय वाटलं हे त्याचंच आहे, हे कबूल. पण समीक्षक ‘मला वाटलं नाही’ असं लिहीत नाही, तो ‘गाण्यात नाही’ असं लिहितो. गाण्यात काय आहे हे तपासता येतं. शब्द कुठे तोडला, वजन कोणत्या अक्षरावर दिलं, सूर सरळ लावला की हलवला, श्वास लपवला की दाखवला, दुसऱ्या अंतऱ्यात तेच शब्द तसेच गायले की बदलले. यावरून दोन माणसं भांडू शकतात, आणि ज्यावर भांडता येतं त्यावर न्यायही करता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. चित्रपटगीतात भाव गीतकाराचा, चाल संगीतकाराची, चेहरा नटीचा. गाणाऱ्याचं श्रेय ते काय? मग खोली असली तरी तिची म्हणता येईल का? त्यावर माझं उत्तर असं की हाच युक्तिवाद संथ गाण्यांना कुणी लावत नाही. ‘उमराव जान’मध्ये शहरयार यांचे शब्द होते, खय्याम यांची चाल होती, रेखाचा चेहरा होता, तरी श्रेय आशाताईंना मिळालं आणि ते योग्यच मिळालं. श्रेयाची वाटणी करायची तर दोन्हीकडे सारखी करा. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी पाडताना जनसंगीताला लोकसंगीत आणि कलासंगीत यांच्यापासून वेगळं स्थान दिलं, ते याचसाठी महत्त्वाचं आहे. जनसंगीत हे अनेकांच्या हातून घडणारं, यंत्रातून पोचणारं संगीत आहे. त्यातल्या गायकाचं काम दिलेल्या चौकटीत काय भर घातली यावरून जोखलं पाहिजे.

तिसरा आक्षेप: सगळ्यालाच खोल म्हटलं तर खोल या शब्दाला काय उरलं? मी सगळ्याला खोल म्हणत नाही. लावणीच्या नावावर नुसता आवाज वर चढवून, प्रत्येक शब्दावर सारखाच झटका देऊन गायलेली असंख्य गाणी आहेत, आणि ती उथळच आहेत. माझं म्हणणं इतकंच की उथळ दुःखालाही तितक्याच निष्ठुरपणे उथळ म्हणा. दूरचित्रवाणीच्या गायनस्पर्धांत लहान मुलं विरहगीतं गातात, आवाज कापरा करतात, शेवटचा सूर हवेत सोडून देतात, आणि परीक्षक सांगतात की ‘फील’ छान आला. त्या कापऱ्या आवाजात बऱ्याचदा ऐकलेल्या दुःखाची नक्कल असते. त्याच मंचावर एखादी मुलगी खणखणीत आवाजात गोंधळ गाते तेव्हा तिला ‘एनर्जी’चे गुण मिळतात. मापक तेच, फक्त नाव नवं. ‘सैराट’ (२०१६) हा तर जणू यासाठीच मांडलेला प्रयोग आहे. अजय गोगावले यांनी त्यात ‘याड लागलं’ गायलं आणि भाऊ अतुल यांच्यासोबत ‘झिंगाट’ही. गोष्ट एकाच पोराच्या एकाच प्रेमाची, गळा तोच, वर्ष तेच. पहिल्यात प्रेमात पडल्याचा अचंबा आहे, दुसऱ्यात तेच प्रेम अंगात मावत नाही. पहिल्याला भावपूर्ण म्हणून दुसऱ्याला नुसतं नाचायचं गाणं म्हणणाऱ्याला माझा प्रश्न आहे की त्या वयातलं बेभान होणं ही भावना नाही का? ‘झिंगाट’मध्ये आवाज मुद्दाम फाटू दिला आहे, गळा राखलेला नाही. न राखण्यातच त्या पोराचा उघडेपणा आहे, आणि पुढे त्याचं काय होतं हे माहीत असलेल्याला तो उघडेपणा सहन होत नाही.

एक अडचण मात्र नवी आहे आणि ती समीक्षकांच्या बाजूची आहे. पूर्वी गायिका वादकांच्या ताफ्यासोबत उभी राहून अख्खं गाणं एका दमात गात असे. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. आज गायक बहुधा एकटा, कानात ठोक्याचा ट्रॅक घेऊन, ओळ-ओळ तुकड्यांत गातो. चांगले तुकडे जोडले जातात. १९९७ मध्ये आलेल्या ऑटोट्यूननं आणि त्यानंतरच्या साधनांनी सूर सरळ करता येतो, आणि तो सरळ करताना कणभर खाली लावलेला, मुद्दाम ओढलेला सूरही पुसला जाऊ शकतो. अशा गाण्यात दोन अंतऱ्यांमध्ये भावना वाढत गेली असं वाटलं, तर ती गायकाच्या मनात वाढली की संकलकाच्या पडद्यावर, हे नुसतं ऐकून सांगणं कठीण झालं आहे. आजच्या एखाद्या गायकात खोली नाही असं कुणी म्हटलं, तर त्याला हे एक खरं कारण असू शकतं. पण मग ते कारण लिहावं. सूर पुसला गेला असेल तर तसं म्हणावं. गायकाच्या काळजावर त्याचं खापर फोडू नये.

जुन्या गाण्यांच्या बाबतीत ही सबब चालत नाही. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून आणि भीमगीतांतून गेली कित्येक दशकं महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात, एसटी स्टँडवर, मांडवात, आषाढीच्या वाटेवर वाजतो आहे. कव्वालीत तापलेला, वरच्या पट्टीत मोकळा सुटणारा तो आवाज आहे. तो एकाच ताकदीनं विठ्ठलाला हाक मारतो आणि बाबासाहेबांचं ऋण गातो. या दोन हाकांमध्ये शतकांचा एक सामाजिक ताण आहे, आणि तो एका गळ्यात नांदतो. विठ्ठलाला हाक मारताना त्यात लीनता किती आणि हक्क किती? भीमगीतात कृतज्ञता किती आणि ललकार किती? वरच्या षड्जावर आवाज ज्या जागी खरखरतो, ती खरखर दमाची आहे की मुद्दाम ठेवलेली? कुमारजींनी लताच्या दोन शब्दांमधली जागा जशी दाखवली, तशी ही जागा दाखवणारं लिखाण माझ्या वाचनात आलेलं नाही. ते लिहिणाऱ्याला ही गाणी उथळ वाटली तरी माझी हरकत नाही. त्यानं फक्त शब्द दाखवावा, सूर दाखवावा, आणि त्या मांडवात उभं राहून ज्यांनी ती आयुष्यभर ऐकली त्यांच्यासमोर आपली कारणं वाचून दाखवावीत.